चाचांना दुखत नव्हतं

पुरुषांनी "ठीक आहे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझे बाबा अंग तापाने फणफणलेलं असताना "ठीक आहे, ठीक आहे" करत स्कूटर काढायचे. नवरा कमरेवर हात ठेवून सोफ्यावरून उठतो, आणि विचारलं तर म्हणतो, "काही नाही गं, ठीक आहे." अरे, ठीक आहे तर तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का? पण या सगळ्यांवर कडी करणारा माणूस मला ओहायोत भेटला. त्याच्या "ठीक आहे"पायी त्याची बायको रोज झिजत होती, आणि त्याला कोणी विचारलं की मान ताठ करून म्हणायचा, "व्हेरी फाइन, सर." समोर बाईमाणूस असलं तरी सर.

गोष्ट २००५ च्या आसपासची. आम्ही कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनमध्ये राहायचो. नवरा एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर होता आणि मी त्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेली. नागपुरात मी कॉलेजात शिकवायचे. माझ्या तासाला पोरं पेनसुद्धा जपून उघडायची. इथे मला नोकरी करायची परवानगीच नव्हती, त्यामुळे दिवसभर घरात, आणि ओरडायला समोर कोणी नाही. आमचं अपार्टमेंट वरच्या मजल्यावर होतं. समोरच्या दारात सोमालियाचं एक जोडपं राहायचं आणि दोन्ही घरांना मिळून एक लाकडी जिना होता.

ओळख झाली ती माझ्या भांडणामुळे. एकदा मी क्रेडिट कार्डच्या कस्टमर केअरला फोन लावला, तर तो थेट गुडगावला लागला. मग काय, मी हिंदीत त्या बिचाऱ्याचा यथेच्छ समाचार घेतला. फोन ठेवते तोच दारावर टकटक. समोरची बाई उभी, डोक्यावरून लालभडक ओढणी, डोळे आनंदाने मोठे झालेले.

"बहन! तुम हिंदी बोलती! मैं समझती, सब समझती!"

तरुणपणी मोगादिशूच्या थिएटरमध्ये बसून तिने इतके हिंदी सिनेमे पाहिले होते की भाषा आपोआप आली होती. फक्त ती सगळी सिनेमातलीच होती. साधी वाटीभर साखर मागतानाही ती अशी मागायची, की वाटावं दाराबाहेर पोलीस उभे आहेत. त्या दिवसापासून त्या माझ्या चाची झाल्या आणि त्यांचे यजमान चाचा. चाचींचा चहा माझ्या चहापेक्षा मसालेदार असायचा, हे मी कधी त्यांच्या तोंडावर कबूल केलं नाही.

त्या चहावरच सगळी हकिकत कळली. चाचा सोमालियाच्या सैन्यात सार्जंट होते. देशात यादवी पेटली, राजधानीत गल्लीगल्लीत लढाई सुरू झाली, आणि एक तोफगोळा त्यांच्याजवळ फुटला. लोखंडाचे तुकडे डाव्या कमरेत आणि मांडीत घुसले. काही काढले, काही तसेच राहिले. मग केनियात निर्वासितांची छावणी, कित्येक वर्षं, आणि तिथून ओहायो. इथे ते एका वेअरहाउसमध्ये खोकी उचलायचे. शेवटी कमरेने दगा दिला आणि नोकरी गेली.

"मग सैन्याचं पेन्शन?" मी विचारलं. आमच्याकडे माझ्या मावशीचे यजमान सैन्यातून रिटायर झालेले. पेन्शनला एक दिवस उशीर झाला तर अख्खी बँक डोक्यावर घेतात.

"किस से माँगें, बहन?" चाची म्हणाल्या. "वहाँ सरकार ही मर गई."

माणसाने देशासाठी पाय घालवला, आणि भांडायला जायचं म्हटलं तर ते दारच जागेवर राहिलं नव्हतं.

इथल्या सरकारकडून अपंगांना महिन्याचा भत्ता मिळतो. चाचांचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. चाची दिवसा हॉटेलच्या खोल्या साफ करायच्या आणि संध्याकाळी ऑफिसं. मधल्या वेळात घरी येऊन स्वयंपाक. त्यांचे हात क्लीनिंगच्या औषधांनी सोललेले असायचे. भत्ता मिळाला तर त्यांची संध्याकाळची नोकरी सुटणार होती. नाही मिळाला तर चाचा पुन्हा खोकी उचलायला जाणार होते. तसं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं, आणि तो माणूस बोलेल ते करणारा होता. "जाएगा तो मर जाएगा," चाची म्हणाल्या. या वेळी त्यात सिनेमा अजिबात नव्हता.

त्यांनी फेरविचाराचा अर्ज केला आणि सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणीची वेळ मिळाली. इथे माझ्या नवऱ्याला हुरूप आला.

आता हे समजून घ्या, की आमच्याकडच्या आयटीवाल्यांना जगात एकच गोष्ट मनापासून येते, ती म्हणजे इंटरव्ह्यू. क्लायंटचा इंटरव्ह्यू, व्हिसाचा इंटरव्ह्यू, प्रोजेक्ट सुटलं की नवा इंटरव्ह्यू. यांना वाटतं, टेबलापलीकडे माणूस बसला की तो इंटरव्ह्यूच. माझा नवरा सलग दोन शनिवार चाचांना घेऊन बसला. "चाचा, फर्म हँडशेक. आय कॉन्टॅक्ट ठेवायचा. चेहऱ्यावर स्माइल. बी पॉझिटिव्ह!" चाचा जन्माचे शिस्तीचे. त्यांनी ते सगळं कवायतीसारखं घोटून टाकलं. तपासणीच्या दिवशी नवऱ्याने त्यांना आपला इंटरव्ह्यूचा ब्लेझर दिला, टाय बांधून दिला आणि गाडीतून नेऊन सोडलं. चाचांनी काठी गाडीतच ठेवली. साहेबासमोर टेकू घेऊन कसं जायचं!

"मस्त झालं!" नवरा घरी येऊन म्हणाला. "डॉक्टर एकदम इम्प्रेस झाला असणार."

झालाच होता. अर्ज पुन्हा फेटाळला गेला. डॉक्टरांचं म्हणणं असं होतं, की गृहस्थ अत्यंत प्रसन्न आहेत, पोशाख व्यवस्थित, हस्तांदोलन जोरकस, आधाराशिवाय चालतात, आणि दुखतं का विचारलं तर हसून नाही म्हणतात.

मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "अरे शहाण्या, त्यांना जावा डेव्हलपर व्हायचं होतं का? पाय मोडलाय हे दाखवायला गेले होते ना ते?" तो बिचारा एवढंसं तोंड करून बसला. चाचांना मात्र काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. "आय टेल ट्रुथ. आय अ‍ॅम फाइन." माझा संताप संताप झाला. बायको दोन-दोन नोकऱ्या करून वाळत चाललीय, आणि हे फाइन!

पुढची पायरी म्हणजे न्यायाधीशासमोर सुनावणी. फुकट सल्ला देणाऱ्या एका संस्थेतली तरुण वकीलबाई चाचींना मिळाली. कागद चाळून ती म्हणाली, "एक्सरे आहेत. पण हे स्वतःच मला काही होत नाही म्हणतात, त्याला मी काय करू? यांना रोज पाहणारं कोणी साक्षीला येईल का?"

चाची जाणार हे उघड होतं. पण चाचांनी साफ सांगितलं, बायको त्या खोलीत नको. ती असेल तर मी येणार नाही. मग चाचींनी माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हटलं आणि घरात हलकल्लोळ झाला. "कोर्ट? वेडी आहेस का? आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे!" मराठी मंडळातल्या एका काकूंनी फोन करून सांगितलं, "कशाला पडतेस गं त्या भानगडीत? आपण बरं नि आपलं काम बरं." कोर्ट म्हटलं की आपल्याकडे भलेभले लांबूनच नमस्कार करतात. मीही आजवर तेच केलं होतं. पण मी नवऱ्याला म्हटलं, "तू घालवलंस, आता मी निस्तरते. तू फक्त गाडी चालव."

आणि मला सांगण्यासारखं काहीतरी होतं. ते मी तोवर चाचींनाही सांगितलं नव्हतं.

एका दुपारी जिन्यात कसलातरी घासल्याचा आवाज आला, म्हणून मी दाराच्या भोकातून पाहिलं. चाचा खालून येत होते. आधी त्यांनी वर पाहिलं, मग मागे. कोणी नाही याची खात्री करून ते खालच्या पायरीवर बसले, जिन्याकडे पाठ करून, आणि दोन्ही हातांवर शरीर उचलून एक पायरी मागे सरकले. मग दुसरी. डावा पाय हाताने ओढून घ्यायचा, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. वर पोचल्यावर कठडा धरून उठले, पँट झटकली, कॉलर नीट केली, चेहरा पुसला आणि मग दार वाजवलं. चाची दोन नोकऱ्यांच्या मधल्या वेळात घरी आल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, काहीतरी विचारलं, आणि चाचा छाती पुढे काढून आत गेले. मी दारामागे तोंडावर हात धरून रडले.

सुनावणीच्या दिवशी चाचा खाली उतरले तर अंगात पुन्हा तोच ब्लेझर! नवऱ्याने पार्किंगमध्येच त्यांना थांबवलं. "नो ब्लेझर, चाचा! नो टाय! नो स्माइल! आज प्लीज, बी निगेटिव्ह!" एवढं बोलून त्याने स्वतःच्या हाताने टाय सोडवून घेतला. ऑफिसातून त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती, हे मी त्याच्या खात्यावर जमा केलं. डाउनटाउनला पोचल्यावर चाचांनी काठी पुन्हा गाडीत ठेवायचा प्रयत्न केला. ती घेऊन नवरा त्यांच्यामागे पळाला.

चाची जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या, नवरा त्यांच्याशेजारी. मी आत गेले. कोर्ट म्हणजे मला वाटलं होतं लाकडी कठडा, चोपदार, हातोडा. तसलं काही नव्हतं. छोटी खोली, लांब टेबल, आणि टेबलाच्या टोकाला काळा झगा घातलेल्या, पिकल्या केसांच्या न्यायाधीशबाई. एक दुभाषा होता, वकीलबाई, चाचा आणि मी.

बाईंनी चाचांना विचारलं, "आज कसे आहात?"

चाचा उभे राहिले. सॅल्यूटच ठोकायचा बाकी होता. "व्हेरी फाइन, सर."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले. माझ्या मनात आलं, संपलं, गेली चाचींची संध्याकाळ.

बाई विचारत गेल्या आणि चाचा उत्तरं देत गेले. चालता येतं? येतं. जिना? नो प्रॉब्लेम. दुखतं? देवाची कृपा आहे. दुभाष्यालाही त्यांनी कामाला लावलं नाही. मग माझी पाळी आली. मी शपथ घेतली. "जिना नो प्रॉब्लेम" हे शब्द कानात बसले होते, आणि तोंड उघडल्यावर नागपूर जागं झालं.

"मॅडम, हे खोटं बोलताहेत," मी म्हटलं.

वकीलबाई दचकली. मी थांबले नाही. जिना सांगितला. पाठ करून बसणं, हातांवर शरीर उचलणं, पाय ओढणं, घाम, वर पोचल्यावर पँट झटकणं, सगळं सांगितलं. माझं इंग्रजी मध्येच अडखळत होतं, पण ते उचलणं मी खुर्चीतल्या खुर्चीत करून दाखवलं. चाचांचा चेहरा काळवंडला. "स्टॉप," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही थांबणार, चाचा! तुम्ही रागवा. जन्मभर बोलू नका माझ्याशी. पण त्या बाहेर बसलेल्या बाईचे हात बघा एकदा!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि चाचांकडे वळल्या.

"तुम्ही सार्जंट होतात. हाताखालचा जखमी शिपाई 'मी ठीक आहे' म्हणाला, तर तुम्ही विश्वास ठेवायचात?"

चाचा पहिल्यांदाच इंग्रजी सोडून आपल्या भाषेत बोलले. सावकाश बोलत होते. दुभाषा सांगत गेला. "नाही. विश्वास नाही ठेवायचो. सगळेच ठीक आहे म्हणायचे. कारण जो म्हणाला मला चालवत नाही, तो मागे राहायचा. आम्हाला थांबता येत नव्हतं. मीच ठेवलंय माणसांना मागे."

"इथे उलटं आहे, सार्जंट," बाई म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता, कसलाही लाड नव्हता. "इथे तुम्ही खरं सांगितलं नाहीत, तर मीच तुम्हाला मदत करू शकणार नाही. मी पुन्हा विचारते. दुखतं का?"

चाचांनी टेबलाची कड धरली. ओठ दोनदा हलले. मग एक शब्द आला, आणि दुभाष्याने सांगायच्या आधीच मला तो कळला. दुखतं. त्यानंतर मात्र बांध फुटला. डाव्या कुशीवर झोपता येत नाही आणि उजव्या कुशीवर पाय जळतो. अंघोळ करताना नळ धरून उभा राहतो. मोजा घालायला बूट घालण्याच्या चमच्याचा आकडा करून घेतलाय. बसलो की उठवत नाही, उठलो की बसवत नाही. रात्री मी अजिबात हलत नाही, कारण हललो तर तोंडातून आवाज येईल आणि बायको जागी होईल. ती थकून येते. तिला कळता कामा नये. एवढं सांगून त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ कागदांवर काहीतरी लिहिलं. मग एक्सरेची पानं पुन्हा उलटून पाहिली आणि म्हणाल्या, की लेखी निकाल पोस्टाने येईल, पण मी तुम्हाला ताटकळत ठेवणार नाही. अर्ज मंजूर करते आहे. वकीलबाईने टेबलाखालून माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली. मी चक्क टाळ्या वाजवल्या. कोर्टात वाजवत नाहीत म्हणे. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत.

बाहेर मी नाचतच आले. "जिंकलो!" असं मराठीतच ओरडले, तेव्हा कॉरिडॉरमधली सगळी माणसं वळून पाहायला लागली. नवऱ्याने मुठी आवळून हवेत उडवल्या आणि आपल्याला कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. चाचा मागून आले आणि चाचींसमोर उभे राहिले. त्यांनी हलक्या आवाजात बातमी सांगितली. चाचींनी दोन्ही हात वर केले, देवाचे आभार मानले आणि मग काहीतरी विचारलं. आत काय सांगितलंस, असंच विचारलं असणार. चाचा जमिनीकडे पाहत सांगायला लागले. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता, सगळंच सांगितलं.

ऐकता ऐकता चाचींचा चेहरा बदलला. आणि एकदम त्यांनी पर्स उचलून चाचांच्या दंडावर हाणली. एकदा, दोनदा. नवरा घाबरून मला म्हणाला, "अगं, मंजूर झालंय ना नक्की?"

"इतने साल!" चाची माझ्याकडे वळून ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "इतने साल मेरे पास लेटता है पत्थर जैसा, हिलता नहीं, कि मैं सोती रहूँ! और मैं कब सोती हूँ, बहन? मैं भी जागती हूँ! आँख बंद करके पड़ी रहती हूँ, कि इसको लगे मैं सोती हूँ!"

चाचांना हिंदी येत नव्हतं. चाचींनी तेच त्यांच्या भाषेत पुन्हा सांगितलं. चाचा ऐकत राहिले. हा लढाईतून आलेला माणूस तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होता. चाचींनी पर्स खाली ठेवली, बाकावरचा डबा बाजूला सरकवला आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

चाचांनी काठी एका हातात घेतली, दुसऱ्या हाताने चाचींचा खांदा धरला आणि सगळ्यांदेखत, कण्हत, अगदी सावकाश खाली बसले. बसता बसता कळ आली असावी, कारण ते मोठ्याने ओरडले, "होयो!" अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू गेलं.

"होयो मतलब माँ," चाची डोळे पुसत मला म्हणाल्या, आणि दोघंही खो-खो हसत सुटली.